लहान गावाचं सांडपाणी: मोजणीपासून गाळ उपशापर्यंत

बंद पडलेला सांडपाणी प्रकल्प लांबूनच ओळखू येतो. पंपाच्या खोलीला कुलूप, कुलपाला गंज, टाकीच्या झाकणावर गवत, आणि पाणी मात्र शेजारच्या चरातून पूर्वीसारखंच ओढ्याकडे चाललेलं. गणित चुकलं म्हणून बंद पडलेले प्रकल्प मी कमी पाहिले. तीन वर्षांनी झाकण कोण उघडणार हे कुणी विचारलंच नव्हतं, म्हणून बंद पडलेले जास्त. त्यामुळे इथे क्रम उलटा धरला आहे: आधी माणूस, मग पाणी, मग जागा, आणि टाकी त्यानंतर. हिशोबासाठी पाचशे वस्तीचं गाव धरू. तुमच्या गावाची वस्ती वेगळी असेल तर आकडे त्या प्रमाणात बदला.

आधी माणूस ठरवा

गावच्या बैठकीत पहिला प्रश्न पैशांचा नको, हे चार हवेत. रोज अर्धा तास आणि आठवड्यातून एकदा अर्धा दिवस कोण देणार? तो आजारी पडला तर त्याच्या जागी कोण? त्याचा पगार कुठल्या खात्यातून, तेही बांधकामाचा निधी संपल्यानंतर? आणि मैला उपसणारी गाडी किती लांबून येते? या चारांची उत्तरं कागदावर येत नाहीत तोवर कुठलाही नकाशा काढून घेऊ नका.

उत्तरांवरून पद्धत जवळपास आपोआप ठरते. पाण्यात हवा फुंकून जिवाणू वाढवायची 'सक्रिय गाळ' पद्धत आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी १९१४ साली मँचेस्टरच्या कामातून जगापुढे मांडली. शहरांत ती आजही उत्तम चालते, कारण तिथे पाळीवर माणसं असतात आणि बिघडलेला ब्लोअर दुरुस्त करणारा हाताशी असतो. गावात एकदा वीज गेली, मोटर जळली, की हवेवर जगणारे जिवाणू काही तासांतच दुबळे होतात आणि पुढचे काही दिवस टाकीतून काळं पाणी बाहेर येतं. म्हणून लहान गावासाठी माझं मत सरळ आहे: जमिनीला उतार असेल तर पाणी उतारावर चालवा. गुरुत्वाकर्षण रजेवर जात नाही.

पाणी मोजा, अंदाज नको

गावातली नाली जिथे एकत्र येते तिथे छोटा बांध घालून पाणी एका नळीतून काढा. खाली दहा लिटरची बादली धरा आणि ती किती सेकंदांत भरते ते घड्याळावर पाहा. आठ सेकंदांत भरली तर प्रवाह सेकंदाला सव्वा लिटर. पहाटेपासून रात्रीपर्यंत दर तासाला ही मोजणी करा, रात्रीतून दोनदा. असे किमान तीन दिवस घ्या, त्यातला एक सुट्टीचा किंवा बाजाराचा असू द्या. काम कंटाळवाणं आहे, पण पुढचा सगळा हिशोब याच वहीवर उभा राहतो.

मोजणी शक्यच नसेल तर पुरवठ्यावरून काढा. वापरलेल्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के सांडपाणी म्हणून परत येतं. माणशी रोज १०० लिटर पाणी येत असेल तर पाचशे जणांचे ५०,००० लिटर, आणि सांडपाणी ४०,००० लिटर, म्हणजे ४० घनमीटर. तासाची सरासरी १.७ घनमीटर. पण लहान गाव एकाच वेळी उठतं, एकाच वेळी आंघोळीला जातं. त्यामुळे सकाळचा लोंढा सरासरीच्या तिप्पट-चौपट धरावा लागतो, इथे तासाला सुमारे ६.७ घनमीटर. शहराच्या पुस्तकातला दुपटीचा आकडा इथे लावला की पहिल्या टाकीतला गाळ रोज सकाळी ढवळून पुढे जातो.

दुसरा आकडा घाणीचा. पाण्यातली सेंद्रिय घाण कुजताना जितका प्राणवायू खाते त्याला बीओडी म्हणतात. माणशी रोज ४५ ते ६० ग्रॅम हे सर्वसाधारण माप. ४५ धरलं तर आपल्या गावाचा भार रोज २२.५ किलो, आणि ४० घनमीटर पाण्यात तो वाटला की लिटरमागे सुमारे ५६० मिलिग्रॅम. पाणी कमी वापरणाऱ्या गावाचं सांडपाणी जास्त दाट असतं, हे लक्षात ठेवा. गावात पाणी कमी म्हणून प्रकल्पही छोटा, असं होत नाही.

काय आत येऊ द्यायचं नाही

पावसाचं पाणी पहिल्या क्रमांकावर. शंभर घरं, प्रत्येकाचं छप्पर १०० चौरस मीटर, आणि २० मिलिमीटरची एक सर. एवढ्यात २०० घनमीटर पाणी होतं, म्हणजे पाच दिवसांचं सांडपाणी एका तासात. छपराची आणि अंगणाची पन्हाळ मैलावाहिनीत सोडलेली एकही जोडणी राहू देऊ नका.

मग दूध आणि गोठा. एक लिटर सांडलेल्या दुधाचा बीओडी सुमारे १०० ग्रॅम, म्हणजे दोन माणसांच्या दिवसभराच्या भाराएवढा. दूध संकलनाचे कॅन धुतलेलं पाणी किरकोळ वाटतं, पण त्याने लहान प्रकल्प आंबतो. दुभत्या जनावराचं शेण-मूत दहाहून अधिक माणसांच्या भाराचं असतं. ते खताच्या खड्ड्यात किंवा गोबरगॅसमध्ये जावं, नळीत नको. खाणावळीच्या, मंगल कार्यालयाच्या मोरीला तेल अडवणारी छोटी टाकी सक्तीची करा. ओले पुसायचे कागद (वेट वाइप्स), सॅनिटरी पॅड, डायपर, ॲसिड हे प्रत्येक घरी समोरासमोर जाऊन सांगावं लागतं. फलक लावून भागत नाही.

नळ्या टाकताना

घरोघरी चांगल्या सेप्टिक टाक्या आधीच असतील तर त्या फोडू नका. घन भाग त्यांतच राहू द्या आणि फक्त वरचं निथळ ७५ ते १०० मिलिमीटरच्या नळीतून पुढे न्या. गाळ नसल्यामुळे नळी तुंबत नाही, उथळ टाकता येते आणि खर्च बराच उतरतो. अट एकच: त्या घरगुती टाक्यांचा गाळ वेळच्या वेळी काढला गेला पाहिजे. एकाने टाळाटाळ केली की त्याची घाण सगळ्यांच्या नळीत येते.

टाक्याच नसतील तर मैला नळीतूनच वाहून न्यावा लागतो. ब्राझीलच्या नाताल शहरात १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला उथळ आणि कमी व्यासाच्या 'सोप्या' मैलावाहिन्या वापरात आल्या. परसातून किंवा बोळातून जाणाऱ्या १०० मिलिमीटर नळीला २०० मीटरला एक मीटर एवढा उतारही तिथे पुरला. मात्र उतार नजरेने ठरवू नका. पारदर्शक नळीत पाणी भरून केलेली पातळीनळी गवंड्याकडे असतेच, प्रत्येक चेंबरला ती लावून बघा. चेंबर प्रत्येक वळणावर आणि प्रत्येक जोडावर हवं.

जागा

गावाच्या खालच्या अंगाला, पण पुराच्या रेषेच्या वर. विहिरींपासून किमान ३० मीटर, आणि शोषखड्डा करणार असाल तर त्याचा तळ पावसाळ्यातल्या भूजलाच्या पातळीपेक्षा किमान दीड-दोन मीटर उंच. वाऱ्याची नेहमीची दिशा बघा, नाहीतर पहिल्याच उन्हाळ्यात लोक प्रकल्पाविरुद्ध सह्या गोळा करतील.

आणि रस्ता. एका गावात मी पाहिलेली टाकी उत्तम बांधलेली होती, पण दोन बांध ओलांडून. गाळ उपसणाऱ्या गाडीचा पाइप तिथवर पोहोचतच नव्हता. टाकी गाळाने काठोकाठ भरली, गाळ पुढच्या, पाणी शुद्ध करणाऱ्या खडीत गेला आणि खडी दगडासारखी बसली. गाडी टाकीच्या शेजारी उभी राहील का, वळेल का, चिखलात रुतेल का, हे भर पावसाळ्यात जाऊन बघा.

पद्धत निवडताना

जागा भरपूर, हवा उष्ण आणि जमीन पाणी धरणारी असेल तर तळ्यांची साखळी सगळ्यात सोपी. पहिलं तळं दोन ते पाच मीटर खोल, दुसरं एक-दीड मीटरचं, शेवटची उथळ, मीटरभराची. शेवटच्या तळ्यांत ऊन आणि वेळ मिळून रोगजंतू इतके मरतात की यंत्राशिवाय दुसरी कुठलीही पद्धत त्यांची बरोबरी करत नाही. काठाचं गवत मात्र सतत कापावं लागतं, कारण डास काठालाच होतात.

थंड प्रदेशात वाटा वेगळ्या आहेत. फ्रान्समध्ये हजारो लहान गावं जाळीतून आलेलं कच्चं सांडपाणी थेट बोरू लावलेल्या, पाणी वरून खाली झिरपणाऱ्या वाफ्यांवर सोडतात. माणशी साधारण दोन चौरस मीटर जागा, पहिल्या टप्प्यात तीन वाफे, एकावर साडेतीन दिवस पाणी आणि मग सात दिवस विश्रांती. मैला वरच सुकून त्याचं खत होतं आणि दहा-पंधरा वर्षांनी काढावं लागतं. आठवड्यातून दोनदा झडप फिरवणारा माणूस मात्र चुकता कामा नये.

मधल्या परिस्थितीसाठी, म्हणजे जागा बेताची, हवा उबदार आणि थोडा उतार असेल तर, मी हा क्रम निवडेन: जाळी, गाळ बसवणारी टाकी, बॅफल टाकी आणि शेवटी वनस्पतींचा खडीचा वाफा. पुढचं सगळं याच क्रमाबद्दल.

जाळी आणि गाळ बसवणारी टाकी

जाळीच्या सळ्यांत १५ ते २५ मिलिमीटर फट ठेवा आणि जाळी तिरकी बसवा, म्हणजे दाताळ्याने कचरा वर ओढता येतो. शेजारी निथळणीसाठी भोकांचा पत्रा ठेवा. जाळीमागे वाळू बसायला दोन समांतर छोटे चर करा. एक चालू, दुसरा साफसफाईला.

गाळ बसवणाऱ्या टाकीचा हिशोब दोन भागांत. पाणी एक दिवस थांबावं म्हणून ४० घनमीटर. गाळासाठी माणशी वर्षाला ४० लिटर धरले आणि दर दोन वर्षांनी उपसायचं ठरवलं तर आणखी ४०. एकूण ८० घनमीटर, पाण्याची खोली दोन मीटर असेल तर ४ बाय १० मीटरची टाकी. तिचे दोन कप्पे करा, पहिला दोन तृतीयांश लांबीचा. आत येणारी आणि बाहेर जाणारी नळी 'टी' जोडाची असावी आणि तोंड पाण्याच्या मधल्या थरात उघडावं, म्हणजे वरची साय आणि खालचा गाळ दोन्ही मागे राहतात. प्रत्येक कप्प्याला माणसाने उघडता येईल असं झाकण आणि वायू जायला उंच नळी. इथे घाण तिसऱ्या हिश्शाने कमी होते, ५६० वरून सुमारे ३६५ मिलिग्रॅमवर.

बॅफल टाकी

ही एकामागे एक कप्प्यांची बंद टाकी. पाणी प्रत्येक कप्प्यात खाली उतरतं आणि तळाच्या गाळातून वर चढतं. त्या गाळात राहणारे, हवेशिवाय जगणारे जिवाणू चढत्या पाण्यातली घाण खातात. सगळं यश चढण्याच्या वेगावर आहे. वेग वाढला की जिवाणूच पाण्याबरोबर वाहून जातात. सकाळच्या लोंढ्यातही तो तासाला एक मीटरच्या आत ठेवा. ६.७ घनमीटरच्या लोंढ्यासाठी कप्प्याचं चढतं क्षेत्र सात चौरस मीटर हवं. दोन मीटर खोलीचे असे पाच कप्पे म्हणजे ७० घनमीटर, आणि पाण्याला सुमारे ४२ तास मुक्काम.

कंत्राटदार बहुतेक वेळा इथे एक कप्पा कमी करून दाखवतो, किंवा खोली वाढवून क्षेत्र कमी करतो. घनफळ तेवढंच भरतं, त्यामुळे मोजमापात पकडला जात नाही. खोली वाढवून चढण्याचा वेग कमी होत नाही, क्षेत्र वाढवूनच होतो. मोजताना फूटपट्टी आडवी धरा.

६५ टक्के घट धरली तर बाहेर पडणारं पाणी सुमारे १३० मिलिग्रॅमचं. ते अजून काळसर आणि वासाचं असतं, घाबरू नका. पुढच्या वाफ्याचं काम तेच आहे.

खडीचा वाफा

जर्मनीत केटे झायडेल यांनी १९५०च्या दशकात पाणवनस्पतींवर प्रयोग करून दाखवले तेव्हापासून ही कल्पना जगभर पसरली. लोक समजतात की घाण वनस्पती 'पितात'. खरं काम खडीवर आणि मुळांवर बसलेला जिवाणूंचा चिकट थर करतो. वनस्पती त्यांना आधार देतात आणि खडी मोकळी ठेवतात.

४० घनमीटर पाण्यात १३० मिलिग्रॅम म्हणजे रोज ५.२ किलो भार. चौरस मीटरला रोज ८ ग्रॅम धरले तर ६५० चौरस मीटर लागतात. त्याचे दोन समान वाफे करा, प्रत्येकी साधारण २० मीटर रुंद आणि १६ लांब. रुंदी जास्त आणि लांबी कमी, असंच ठेवा. लांबुळका वाफा दिसायला छान, पण सगळी घाण अरुंद तोंडावर येऊन तिथेच खडी तुंबते. दोन वाफे यासाठी की एक दुरुस्तीला घेतला तरी गाव थांबत नाही.

खोली ६० सेंटिमीटर. आत येण्याच्या आणि बाहेर जाण्याच्या पट्ट्यात ४० ते ८० मिलिमीटरचे गोटे, मध्ये ८ ते १६ मिलिमीटरची खडी. पाण्याची पातळी खडीच्या वर कधीच येऊ नये, पाच-दहा सेंटिमीटर खालीच राहावी. म्हणजे डासही नाहीत आणि वासही नाही. पातळी कमी-जास्त करण्यासाठी बाहेरच्या चेंबरात फिरवता येणारी कोपराची नळी बसवा. सगळ्या वाफ्यातला हा स्वस्तातला भाग, आणि विसरला तर सगळ्यात महाग पडणारा.

खडी धुतलेली घ्या. ट्रक रिकामा करण्याआधी बादलीभर खडीत पाणी ओतून ढवळा. पाणी गढूळ झालं तर ट्रक परत पाठवा. त्या मातीनेच दोन वर्षांत वाफा बसतो, आणि मग ६५० चौरस मीटर खडी हाताने उपसून धुवायची वेळ येते.

तळाला नीट दाबलेली चिकणमाती किंवा एक मिलिमीटरचा प्लॅस्टिक कागद, वर-खाली जाड कापडाचा थर देऊन. वाफा खडी टाकण्याआधी पाण्याने भरा, खूण करा आणि शेजारी पाण्याने भरलेली एक बादली ठेवा. दोन दिवसांनी बादलीतलं पाणी जितकं उतरलं तितकंच वाफ्यातलं उतरलं तर ते ऊन. जास्त उतरलं तर गळती. ही परीक्षा टाक्यांनाही घ्या, प्लास्टर झाल्यावर, माती भरण्याआधी.

कर्दळ, पाणकणीस, बोरू यांतलं जे आसपास आपोआप उगवतं ते लावा, चौरस मीटरला चार ते सहा रोपं. पहिले काही आठवडे पातळी खडीच्या अगदी जवळ ठेवा, मुळं खाली गेली की हळूहळू उतरवा.

सुरू करताना

बॅफल टाकी बांधली म्हणजे चालू झाली असं नाही. हवेशिवायचे जिवाणू सावकाश वाढतात, पूर्ण काम द्यायला काही महिने लागतात. चांगल्या चालणाऱ्या सेप्टिक टाकीतला गाळ आणून प्रत्येक कप्प्यात विरजणासारखा टाका, म्हणजे वेळ वाचतो. पहिले काही आठवडे निम्मीच घरं जोडता आली तर आणखी बरं. उद्घाटनाच्या दिवशी बाटलीत स्वच्छ पाणी दाखवायचा हट्ट कुणी धरला तर ती बाटली नळाची असणार.

रोजची वही

रोज जाळी साफ, आणि पाणी दोन्ही वाफ्यांत सारखं वाटलं जातंय का ते पाहणं. आठवड्याला चेंबर उघडून नजर, तण, कुंपण. महिन्याला काचेच्या बाटलीत आत येणारं, टाकीतून निघणारं आणि वाफ्यातून निघणारं पाणी शेजारी ठेवून बघा. इमहॉफ यांच्या नावाचा लिटरभराचा शंकू मिळाला तर त्यात अर्धा ते एक तासात किती गाळ बसतो ते लिहून ठेवा. टाकीनंतरच्या पाण्यात गाळ वाढू लागला की उपशाची वेळ आली. बीओडीची तपासणी प्रयोगशाळेत वर्षातून तीन-चारदा पुरते.

खडीवर पाणी साचलेलं दिसलं तर पातळी आधी तपासा, मग आत येण्याकडचा पट्टा. बहुतेक वेळा तिथली मीटरभर खडी बदलून भागतं.

निघालेलं पाणी

वाफ्यातलं पाणी स्वच्छ दिसतं, पण त्यात जंतू असतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ साली सिंचनासाठी दिलेल्या मर्यादेत जंतांची अंडी लिटरमागे एकाहून जास्त नकोत, आणि कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांसाठी मलजन्य जिवाणू १०० मिलिलिटरमागे हजाराच्या आत. तळ्यांचा शेवटचा टप्पा नसेल तर हे पाणी झाडं, चारा आणि शिजवून खायच्या पिकांनाच द्या, तेही मुळाशी, फवाऱ्याने नको. पालेभाज्या नकोत. पाणी शेतातच जाणार असेल तर त्यातलं नत्र काढायचा खर्च करू नका. पिकाला ते हवंच असतं.

गाळ आणि टाकीतली हवा

लांब काठीला पांढरं फडकं गुंडाळा, टाकीत तळापर्यंत सोडा, थोडा वेळ थांबून सावकाश वर काढा. काळा झालेला भाग म्हणजे गाळ. तो खोलीच्या तिसऱ्या हिश्शाच्या वर गेला की उपसा ठरवा, निम्म्यापर्यंत वाट बघू नका. उपसताना तळाला थोडा गाळ राहू द्या, पुढचं विरजण तेच.

आता हे मात्र प्रत्येक कामगाराला तोंडपाठ हवं. टाकीत कुणीही उतरायचं नाही. झाकण उघडं असलं तरी नाही, टाकी रिकामी असली तरी नाही, हातातून पडलेली वस्तू काढायलाही नाही. आतल्या हायड्रोजन सल्फाइडचा वास सडक्या अंड्यासारखा येतो, पण हवेच्या दहा लाख भागांत तो शंभराच्या आसपास गेला की नाकच बधिर होतं. वास गेला म्हणजे हवा शुद्ध झाली, असं वाटतं तेव्हा माणूस सगळ्यात धोक्यात असतो. पाचशेच्या वर काही श्वासांत शुद्ध हरपते. एकजण पडला की त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. म्हणून उपसा वरूनच, गाडीच्या पाइपाने किंवा पंपाने. झाकणाजवळ विडी-काडी नाही, कारण सोबत मिथेन असतो. झाकणं जड किंवा कुलपाची ठेवा, मुलं खेळतात.

गाळ सुकवायला वाळूच्या वाफ्यांवर २० ते ३० सेंटिमीटरचा थर टाका. कोरड्या हवेत तो दोन आठवड्यांत भेगाळतो आणि फावड्याने निघतो. जंतांची अंडी मात्र सुकल्यावरही जगतात. तो ढीग झाकून किमान वर्षभर बाजूला ठेवा, त्यावर तारीख लिहिलेली पाटी रोवा, आणि मगच शेतात न्या.